कागद कोन घेते, बाप्पा?

दारव्ह्यात ऑर्केस्ट्रा म्हटलं, की डोळ्यांपुढे गणपतीचा मांडव उभा राहतो. रंगीत दिवे, दोन कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, चमचमत्या कोटातला निवेदक आणि खालून येणाऱ्या फर्माइशी. व्हायोलिनं नि बासऱ्या घेऊन पन्नास माणसं ओळीनं बसली आहेत आणि समोर एकजण काडी हलवतोय, हे चित्र इथं कोणाच्या मनात येत नाही. त्यामुळे मागच्या उन्हाळ्यात तिथल्या एका लग्नघरी मी जो उद्योग केला, तो जरा आगाऊपणाचाच होता.

हळदीची रात्र होती. लाइट गेलेली. जेवणं आटोपून पाचसहा जण अंगणात सतरंजीवर हवा खात पडले होते. मी मोबाइल एका रिकाम्या स्टीलच्या गंजात उभा केला (करून बघा, आवाज चांगलाच वाढतो) आणि काहीही न सांगता मोझार्टची चाळिसावी सिंफनी लावली.

अर्ध्या मिनिटात थोरले मामा उठून बसले. “अरे, हे तं आपलं तलतचं गानं आहे!” आणि गुणगुणायला लागले. भाचा म्हणाला, “छे, ही रिंगटोन आहे.” मावशी म्हणाली, “बाई, जीव घाबरा होते. कोनी मांगं लागल्यावानी वाटते.” शेजारचे निवृत्त गुरुजी डोळे मिटून होते. ते म्हणाले, “किती हलकं आहे. पीस तरंगावं तसं.” जावईबापूंनी आपल्या मोबाइलवरून नजर न काढता “छान आहे” म्हटलं, पंगतीत चौथ्यांदा वाढायला आलेल्याला म्हणावं तसं. आणि वरातीचा रस्ता ठरवायला आलेले बँडपार्टीचे क्लॅरिनेटवाले काका बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, “किती जन वाजवून रायले?”

एक गंज, एक आवाज, सहा माणसं. आणि सहाजणांनी सहा वेगवेगळ्या गोष्टी ऐकल्या! हे होतं कसं?

आधी मामांचं कोडं घेऊ. व्हिएन्नात बसून एक माणूस २५ जुलै १७८८ रोजी एक रचना पूर्ण करतो आणि दारव्ह्यातले मामा ती ऐकताक्षणी म्हणतात, आपलं गाणं. हे सूर इतक्या लांब आले कोणत्या गाडीनं?

आसामच्या चहामळ्यात एक बंगाली डॉक्टर नोकरीला होते. तिथल्या एका आयरिश डॉक्टरकडून त्यांच्याकडे पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्यांचा साठा आला. डॉक्टरांचा मुलगा त्या तबकड्या ऐकत वाढला. तो मुलगा म्हणजे सलील चौधरी. १९६१ च्या ‘छाया’ चित्रपटासाठी एक प्रेमगीत करताना त्यांनी मोझार्टच्या या सिंफनीची पहिलीच सुरावट उचलली, तिला आपलं वळण दिलं आणि राजेंद्र कृष्ण यांच्या शब्दांसह तलत महमूद आणि लता मंगेशकर यांच्या गळ्यात सोपवली. पडद्यावर सुनील दत्त आणि आशा पारेख. झालं! मोझार्ट हिंदी सिनेमात आला आणि कोणाला पत्ताही लागला नाही.

त्या काळी मुंबईच्या स्टुडिओत वाजवणाऱ्यांमध्ये गोव्याचे वादक पुष्कळ असत. पोर्तुगीज अमलातल्या चर्चच्या शाळांत त्यांना लहानपणीच पाच रेघांची ती सुरांची लिपी शिकवलेली असे. अरेंजरनं कागद समोर ठेवला, की कधी न ऐकलेली सुरावट ते वर्तमानपत्र वाचावं तशी वाचून वाजवत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांच्यातले एक मोठे वादक. ‘अमर अकबर अँथनी’मधल्या अँथनीला ते आडनाव मिळालं ते त्यांच्यामुळे. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते त्यांच्याकडे, आणि शिष्यानं गुरूचं नाव असं घरोघरी पोचवलं. हेच गोन्साल्विस १९५८ मध्ये मुंबईत भारतीय सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करून बसले होते, हे मात्र त्या नावावर नाचणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल!

म्हणजे व्हिएन्नात कागद होता, मुंबईतही कागद होता. तिथून पुढे कागदाचं काम संपलं. रेडिओ सिलोनवरून गाणं वऱ्हाडात उतरलं ते नुसतं कानावाटे. मामांनी ते कधी पाठ केलं नाही. ते पाठ झालं. आणि साठ वर्षांनी, गंजातून मोझार्टचे पहिले चारदोन सूर निघतात न निघतात, तोच मामांच्या डोक्यातलं पुढचं सगळं गाणं आपोआप सुरू झालं. मामा गंजातलं ऐकत नव्हतेच. ते स्वतःच्या आतलं ऐकत होते!

आता ती सुरावट जरा जवळून बघू. घरात पेटी असेल तर काढा. कोमल धैवतावरून पंचमावर उतरा आणि पंचम पुन्हा एकदा दाबा. हेच दुसऱ्यांदा करा. तिसऱ्यांदाही करा, पण या वेळी पंचमावर थांबू नका. तिथून एकदम तार सप्तकातल्या कोमल गंधारावर उडी मारा. बस, एवढंच आहे. इतक्या लहानशा युक्तीनं सव्वादोनशे वर्षं जगाला झपाटून ठेवलंय.

युक्ती कशात आहे? एक गोष्ट दोनदा झाली, की मेंदू तिसऱ्यांदा तिची वाट बघतो. ती येतेही. मेंदू खूश होतो, म्हणतो, बघा, मी म्हटलं नव्हतं! आणि तेवढ्यात पायाखालची पायरी निघून जिना भलतीकडेच चढतो. तबल्याच्या साथीनं गाणारा गायक समेवर येणार हे आपल्याला माहीत असतं आणि तरीही तो आला की मान हलतेच. न आला, हुलकावणी देऊन पुढच्या आवर्तनात आला, तर आणखी जोरात हलते. संगीत ऐकणं म्हणजे सतत अंदाज बांधणं आहे. आपण नुसते ऐकत नाही, कलाकाराच्या अर्धं पाऊल पुढे पळत असतो.

हे नुसतं बोलणं नाही. कॅनडात माँट्रियलच्या संशोधकांनी २०११ मध्ये माणसांना त्यांच्याच आवडीचं, अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवत त्यांचा मेंदू तपासला. काटा आला त्या क्षणी मेंदूत डोपामीन सुटलं. तेच रसायन, जे भूक लागल्यावर पहिला घास घेताना सुटतं. यात नवल नाही. नवल पुढे आहे. काटा यायच्या आधी, तो क्षण येणार येणार म्हणून वाट बघतानाही डोपामीन सुटत होतं आणि तेही मेंदूच्या दुसऱ्याच भागात! सैपाकघरातून पुरण शिजल्याचा वास येतो तो आनंद एक आणि पोळी तोंडात जाते तो दुसरा. मेंदूनं त्यांच्यासाठी दोन वेगळ्या खोल्या ठेवल्या आहेत.

आता वाट बघायची, तर पुढे काय येणार याचा काही अंदाज तर हवा. तो कुठून येतो? आजवर जे कानावर पडलं त्यातून. मामांचे कान तलतनं घडवले, भाच्याचे रिंगटोननं, काकांचे चाळीस वर्षांच्या वरातींनी. मग सूर एकच असले तरी प्रत्येकाची वाट बघण्याची जागा वेगळी. एकाच गाडीत बसलेली माणसं वेगवेगळ्या स्टेशनांवर उतरायला उठतात, तसंच.

पण मावशी आणि गुरुजी? दोघांनीही हे आधी कधी ऐकलेलं नव्हतं. एकीला भीती वाटली आणि दुसऱ्याला पीस तरंगताना दिसलं. कोण बरोबर?

गंमत अशी, की हे भांडण फार जुनं आहे आणि मोठमोठे लोक त्यात अडकलेले आहेत. रॉबर्ट शुमान हा स्वतः थोर संगीतकार. त्याला या सिंफनीत प्राचीन ग्रीक शिल्पांसारखं हलकं, तरंगतं लावण्य दिसलं. विसाव्या शतकात चार्ल्स रोझेन या अमेरिकन पियानोवादकाला याच रचनेत आवेग, हिंसा आणि शोक ऐकू आला. म्हणजे आमचे गुरुजी शुमानच्या पक्षाचे आणि मावशी रोझेनच्या. दोघांनीही ती नावं ऐकलेली नाहीत, हे सांगायला नकोच.

माझ्या मते दोघंही बरोबर आहेत, कारण दोघांनी वेगळे थर ऐकले. ही सिंफनी सुरू कशी होते ते बघा. गाणं सुरू होण्याच्या आधीच त्याची साथ सुरू होते. व्हिओला नावाची, व्हायोलिनपेक्षा जराशी मोठी वाद्यं खालच्या सुरांत धडधडायला लागतात आणि क्षणभरानं वरून व्हायोलिनं सुरावट घेऊन येतात. एखादा माणूस दारात येऊन बोलायला तोंड उघडतो, पण त्याआधी त्याची धाप ऐकू येते, तसं. मावशीच्या कानानं धाप पकडली. गुरुजींच्या कानानं बोलणं पकडलं. आणि या सगळ्या सिंफनीत एकही नगारा नाही, एकही ट्रम्पेट नाही! त्या काळात मोठा परिणाम साधायचा तर ही वाद्यं हाताशी असत. मोझार्टनं ती बाजूला ठेवली आणि धाप लावली ती नुसत्या तारांवर.

जावईबापूंना मी मनातल्या मनात अरसिक म्हणून मोकळा झालो होतो. ते चूक होतं. बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं, की काही धडधाकट, आनंदी, पैसे जिंकले की खूश होणाऱ्या माणसांना संगीतातून कसलाच आनंद मिळत नाही. त्यांना सूर ओळखता येतात, गाणं उदास आहे की आनंदी हेही सांगता येतं, फक्त आत काही हलत नाही. शंभरात तीन ते पाच जण असे असावेत असा अंदाज आहे. म्हणजे दोनशे पानांच्या पंगतीत सहा ते दहा! बिचारे वरातीत नाचतात, मैफलीत माना हलवतात, कोणाला कळू देत नाहीत. जावईबापू त्यांतलेच आहेत की त्यांना शेअर बाजाराची चिंता होती, हे मी विचारलं नाही. सोयरिकीचा मामला.

तेवढ्यात लाइट आली. पंखे फिरले, कुठंतरी मिक्सर सुरू झाला. मी गंजातून मोबाइल काढला आणि माझा हुकमाचा पत्ता टाकला.

लंडनमध्ये ऑरोरा नावाचा एक ऑर्केस्ट्रा आहे, २००५ मध्ये सुरू झालेला. निकोलस कॉलन हे त्याचे संचालक. २०१४ मध्ये या मंडळींनी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, हजारो लोकांपुढे, मोझार्टची हीच चाळिसावी सिंफनी वाजवली. फरक एवढाच, की कोणाच्याही समोर कागद नव्हता. कागद ठेवायची घोडीही नव्हती. सिंफनी वाजवणारे पुढ्यात कागद उघडूनच वाजवतात, तो तिथला शिरस्ता आहे. इथं सगळी सिंफनी सगळ्यांना पाठ! चेलोवाले सोडले तर बहुतेक सगळे उभे. पुढे त्यांनी बेथोव्हेनची सहावी अशीच केली, बर्लिओझची ‘फँटास्टिक सिंफनी’ केली, २०२३ मध्ये स्ट्राविन्स्कीचं ‘राइट ऑफ स्प्रिंग’ केलं, ज्याची लय कागद समोर असतानाही वादकांना घाम फोडते. आणि २०२४ मध्ये बेथोव्हेनची नववी.

मी त्यांच्या बिनकागदाच्या वादनाची चित्रफीत लावली आणि मोठ्या ऐटीत काकांना म्हटलं, “बघा काका, एकाच्याही समोर कागद नाही. सगळं तोंडपाठ!”

काकांनी माझ्याकडे बघितलं. खरंच काही न समजल्यासारखं बघितलं.

“कागद कोन घेते, बाप्पा?”

मला उत्तर सुचेना. “आमची बारा मानसाची पार्टी आहे,” काका म्हणाले. “दोन-अडीचशे गानी असतीन. कोनाजवळ चिटोरंबी नाही. वरातीत चालता चालता कागद पायशीन का रस्ता?”

खरं आहे! जगात बहुतेक सगळं संगीत बिनकागदाचंच वाजतं. हरिपाठाला उभे राहिलेले वारकरी पावली टाकत, टाळ वाजवत, एकामागून एक अभंग म्हणतात. हातात पोथी धरायला हात मोकळा असतो कुठे? मोझरीच्या तुकडोजी महाराजांची खंजिरी ऐकत मोठ्या झालेल्या वऱ्हाडात भजनी मंडळाला वही लागते ती नव्या माणसाला. आपलं सारं रागसंगीत गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात गेलं. लंडनमध्ये ज्याला लोक उभं राहून टाळ्या देतात, ते दारव्ह्यात रोजचं आहे. काकांच्या जागेवरून बघितलं तर नवल उलटंच आहे: एवढी मोठी, शिकलेली माणसं, आणि वाजवताना कागद बघतात?

मग ऑरोराच्या पाठांतरात विशेष काही नाही का? आहे. पण ते काकांना आणि मलाही जरा थांबून बघावं लागलं.

काकांच्या पार्टीत क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम असे सगळे मिळून बहुधा एकच गाणं वाजवतात. एखादा चुकला, शिंकला, नोटा गोळा करायला वाकला, तरी गाणं चालूच राहतं. तो पुन्हा येऊन गाण्यात मिसळतो. गाणं म्हणजे सगळ्यांनी मिळून धरलेला एक जाड दोर. सिंफनीत तसा दोर नाही. तिथं प्रत्येकाच्या हातात वेगळा धागा आहे, आणि बरेच धागे स्वतंत्र ऐकले तर त्यांना गाणं म्हणवत नाही. दुसऱ्या रांगेतल्या व्हिओलावाल्याला जी धडधड पाठ करायची असते, ती गुणगुणता येत नाही. पोह्यांतून नुसतं मीठ बाजूला काढून त्याची चव लक्षात ठेवण्यासारखं ते आहे.

त्याहून कठीण म्हणजे हॉर्नवाल्याचं काम. मोझार्टच्या काळात हॉर्नला कळा नसत. ती नुसती गुंडाळलेली पितळी नळी. ओठांच्या दाबानं तिच्यातून ठरावीकच सूर निघत, मधले निघत नसत. उदास पट्टीत तर कामाचे सूर आणखीच कमी. मग या पठ्ठ्यानं काय केलं? पहिल्या आणि शेवटच्या भागात दोन हॉर्न दोन वेगळ्या पट्ट्यांचे घेतले. याच्यात नाही तो सूर त्याच्यात, त्याच्यात नाही तो याच्यात! हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. हा जुगाड त्यांना लगेच कळला.

पण त्यामुळे हॉर्नवाल्याच्या वाट्याला सुटे सुटे सूर आणि मध्ये लांबलचक मोकळ्या जागा येतात. कागद असला तर तो बोटांवर मात्रा मोजत बसतो. कागद नसला तर? त्याला शांतता पाठ करावी लागते! किती वेळ गप्प बसायचं, दुसरे काय वाजवत असताना गप्प बसायचं आणि कोणाच्या कोणत्या सुराच्या शेपटीला धरून आत शिरायचं. म्हणजे स्वतःचं वाजवणं पाठ करून भागत नाही, दुसऱ्यांचंही पाठ असावं लागतं. कागद काढून घेतला, की प्रत्येक वादकाला अख्खी सिंफनी ऐकावीच लागते.

आणि एवढं सगळं डोक्यात राहतं कसं? लहान मुलाला सतरा साते विचारा. तो मनातल्या मनात सतरा एके सतरापासून धावत येतो. हे साखळीचं पाठांतर. एक कडी दुसरीला ओढते. जलद असतं, पण ठिसूळही. मध्ये कडी तुटली की मुक्काम पोस्ट सतरा एके. एकट्यानं वाजवणारा वादक नुसत्या बोटांच्या सवयीवर विसंबला तर भर मैफलीत त्याचं हेच होतं. म्हणून मुरलेले वादक साखळीवर स्टेशनं बांधतात. आपली शकुंतला रेल्वे आठवा, आता थांबलेली. मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, लाडखेड, यवतमाळ. डुलकी लागली तरी स्टेशन आलं की कळायचं, आपण कुठं आहोत. वादकही रचनेत अशा जागा ठरवून ठेवतो: इथं पट्टी बदलते, इथं बासरी एकटी पडते, इथं तीच सुरावट परत येते पण शेवट वेगळा. मधे रूळ हरवले तरी पुढच्या स्टेशनावर गाडी पकडता येते, पुन्हा मूर्तिजापूरला जावं लागत नाही.

बोटांची स्मृती मेंदूत किती खोल राहते, याचं एक उदाहरण ऐकून मी चक्रावून गेलो होतो. क्लाइव्ह वेअरिंग या इंग्रज संगीतकाराला १९८५ मध्ये विषाणूमुळे मेंदूचा आजार झाला आणि त्याची स्मरणशक्तीच पुसली गेली. नवीन काहीही काही सेकंदांपलीकडे टिकेना. बायको खोलीबाहेर जाऊन परत आली, की कित्येक वर्षांनी भेटल्यासारखी मिठी. पण पियानोसमोर बसवलं, की तो वाजवत असे. गायकांसमोर उभं केलं, की हात अचूक चालत. वाजवणं थांबलं, की वाजवल्याचंही आठवत नसे! काल काय झालं ते लक्षात ठेवणारी खोली एक आणि सायकल कशी चालवायची, पेटी कशी वाजवायची हे ठेवणारी खोली दुसरी. पहिली जळाली तरी दुसरीतला दिवा चालू राहू शकतो.

बिनकागदाच्या वादनावर श्रोत्यांत दोन तट पडणं हेही काही आजचं नाही. १८३७ मध्ये बर्लिनमध्ये सतराअठरा वर्षांची क्लारा वीक बेथोव्हेनचा सोनाटा न बघता वाजवायला बसली. हीच पुढे शुमानची बायको झाली, तोच तो तरंगत्या लावण्यवाला. आज तिचं कौतुक होईल. तेव्हा बेट्टिना फॉन आर्निम या लेखिकेनं नाक मुरडलं: काय हा तोरा, कागदाशिवाय वाजवते! म्हणजे बेथोव्हेनपेक्षा स्वतःकडे लक्ष वेधते. पुढे पन्नाससाठ वर्षांत काटा उलटा फिरला आणि एकट्यानं वाजवणारा कागद घेऊन बसला तर लोक नाक मुरडू लागले. आता ऑरोराबद्दल कोणी विचारलं, की ही सर्कस कशाला, कागद बघून तेच सूर निघत नाहीत का, तर प्रश्न रास्त आहे. गंजात ठेवून नुसतं ऐकलं असतं तर आमच्यापैकी कोणालाही फरक सांगता आला नसता.

पण आम्ही बघत होतो. आणि बघणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. चिया-जुंग साय या संशोधिकेनं २०१३ मध्ये लोकांना पियानोस्पर्धेच्या अंतिम फेरीतल्या तिघांचं वादन देऊन विजेता ओळखायला सांगितलं. नुसतं ऐकणाऱ्यांचा निकाल चिठ्ठ्या टाकल्यासारखा, तिघांत एकदा बरोबर. आवाज बंद करून नुसतं बघणाऱ्यांचा? निम्म्याच्या आसपास बरोबर! आणि यात संगीतातले जाणकारही आले. हे वाचून रसिकांना राग येतो, मलाही आला. पण डोळे कानांत काहीतरी ओततात हे नाकारता येत नाही. कागद नसल्यामुळे ते वादक एकमेकांकडे वळत होते. व्हायोलिनवाली बासरीवाल्याकडे बघून हसली आणि त्याच क्षणी सुरावट तिच्याकडून त्याच्याकडे गेली. मावशीनंच ते टिपलं. “आता नाही भेव वाटत. हे तं आपसात बोलून रायले.”

कागदाची बाजू घ्यायलाही मी तयार आहे. काका गेले की त्यांच्या अडीचशे गाण्यांतली कितीतरी वळणं त्यांच्याबरोबर जाणार. मोझार्ट पस्तिसाव्या वर्षी गेला, पण त्यानं व्हिओलाची धडधडसुद्धा लिहून ठेवली म्हणून ती गंजातून निघाली. शिवाय कागदामुळे कालपर्यंत एकमेकांना न भेटलेली चाळीस माणसं दोन तालमींत सिंफनी उभी करतात. पाठांतराला आठवडे लागतात.

शेवटी मी काकांना त्यांच्या कामाची एक गोष्ट सांगितली. मोझार्टनं ही सिंफनी आधी लिहिली तेव्हा तिच्यात क्लॅरिनेट नव्हतंच. नंतर त्यानं स्वतःच पुन्हा बसून दोन क्लॅरिनेट घातली.

“मंग?” काका म्हणाले. “त्याच्याबिगर मजा कशी येईन?”

दुसऱ्या दिवशी वरात निघायच्या आधी, मंडपाच्या मागे, काका जिभेनं रीड ओली करत होते. मला बघून त्यांनी डोळा मिचकावला आणि क्लॅरिनेट तोंडाला लावलं. एकदा खाली. दोनदा खाली. तिसऱ्यांदा खाली, आणि वर उडी. रात्री दोनदा ऐकलेला मोझार्ट, हुबेहूब. मी वाट बघत राहिलो, आता पुढची ओळ कशी घेतात म्हणून. काका क्षणभर थांबले, आणि तिथून त्यांची बोटं बिनदिक्कत तलतच्या रस्त्याला लागली.

ही सिंफनी अर्ध्या तासाची आहे आणि फुकट ऐकायला मिळते. एकट्यानं ऐकू नका. घरातली चार माणसं बसवा, काही सांगू नका, गंज विसरू नका, आणि सुरांकडे कमी, त्यांच्या तोंडांकडे जास्त बघा.